सत्तेचाळिसावा प्रश्न

पऱ्हाट्यांचा जाळ धरला, पहिली सहा वांगी त्यावर पडली, आणि किरणच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून चौथ्यांदा रस्त्याकडे बघतोय. धरणगावच्या शिवारातलं पाटलांचं हे शेत सडकेपासून हाकेच्या अंतरावर होतं. गाडी आली असती तर बांधावरच्या कोणालाही दिसली असती, मुद्दाम मान वळवायची गरज नव्हती. तरी ती बघत होती. त्या गाडीतून कोण उतरणार हे इथे फक्त तिला आणि तिच्या आईला, भागाबाईंना, ठाऊक होतं.

जानेवारीचं ऊन अंगाला गोड लागत होतं. कडुलिंबाखाली खाटेवर आबा, म्हणजे किरणचे वडील झुलाल पाटील, पाय सोडून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण वांगी किती भाजायची यावर अजून त्यांचाच शब्द चाले. देठाजवळचा भाग मऊ झाल्याशिवाय वांगं काढलं तर त्यांना चालत नसे. कापसाची वेचणी संपून उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधाला लावलेला होता. चंदन, किरणचा धाकटा भाऊ, त्यातल्या काड्या मोडून जाळात सारत होता. शेती तो बघायचा, जळगावचं ऑफिस किरण बघायची. दोघांत कधी खटका उडाला नव्हता, कारण दोघांना एकमेकांचं काम मुळीच नको होतं.

आजचं जेवण पाहुण्यांसाठी होतं. उद्या सोमवारी जळगावात कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, आणि बेचाळीस वर्षांची ‘पाटील ब्रदर्स’, माती आणि खडक तपासून पुलांचे, धरणांचे, इमारतींचे पाये किती खोल न्यायचे ते सांगणारी संस्था, कॅनडाच्या हॅल्डेन मॉरो कंपनीत जाणार होती.

या कंपनीची गोष्ट आबांनी किरणकडून दोनदा ऐकून घेतली होती. सत्तर वर्षांपूर्वी रेजायना नावाच्या गावात दोन इंजिनियर आणि एक जुना ट्रक, एवढ्यावर तिची सुरुवात झाली. हिवाळ्यात तिथली जमीन पुरुषभर खोल गोठते. तेव्हा लहान लहान गावांचे पाण्याचे नळ किती खाली गाडले म्हणजे फुटणार नाहीत, हे ते दोघं सांगत हिंडायचे. मग शेजारच्या गावातला एक म्हातारा इंजिनियर थकला, त्याला वारस नव्हता. त्यानं आपलं ऑफिस माणसांसकट यांच्या हवाली केलं. ती सवयच लागली. एक संपली की दुसरी, असं करत कंपनीनं दीडशेच्या आसपास संस्था आपल्यात घेतल्या, आणि आज तीस हजार माणसं तिच्या पगारावर होती. माणसं काढत नाहीत, दोन वर्षं जुनं नाव राहू देतात आणि मग पाटी बदलतात, अशी तिची ख्याती होती.

“म्हंजे सून करी लई जातंस,” भागाबाई ऐकून म्हणाल्या होत्या. “दोन वरीस माहेरनं नाव चालस, मंग बदलस.”

आबांना ते इतकं पटलं की पुढे त्यांनी विक्री हा शब्दच वापरला नाही. मुलगी देतोय म्हणायचे. द्यायला ते तयार झाले ते मात्र किरणच्या सांगण्यावरून. मोठ्या कामांच्या निविदांमध्ये आता अशा अटी असत की अडतीस माणसांच्या ऑफिसला दारातूनच परत यावं लागे. हॅल्डेन मॉरोनं किरणच्या प्रयोगशाळेची पाहणी करून सांगितलं होतं की पश्चिम भारतातली त्यांची सगळी माती यापुढे जळगावात तपासली जाईल. ते पत्र वाचलं त्या दिवशी किरण नवऱ्याला, नवीनला, घेऊन बाहेर जेवायला गेली होती. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं नव्या नोकरीसारखी उमेद धरावी याचं त्याला कौतुक वाटलं होतं.

सगळे कागद तयार होते. एकच जागा रिकामी होती. कंपनी घेण्याआधी जो लांबलचक तक्ता भरून घेते, त्यातला सत्तेचाळिसावा प्रश्न. गेल्या पंचवीस वर्षांत आपण तपासणी केलेलं एखादं बांधकाम खचलं किंवा बंद ठेवावं लागलं असल्यास, ते कशामुळे आणि कोणाच्या निर्णयामुळे, ते थोडक्यात लिहा. खाली चार ओळींची जागा. महिनाभर किरण तो कागद आबांपुढे ठेवत होती आणि आबा, “बघू,” म्हणून चष्मा काढून ठेवत होते.

कारण तो पूल.

घरात त्या गावाचं नाव कोणी घेत नसे. ‘तो पूल’ एवढंच. बावीस वर्षांपूर्वी एका नाल्यावरचा साधा तीन खांबांचा पूल. माती तपासली होती आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ भिकन, म्हणजे नाना, या दोघांच्या ‘पाटील ब्रदर्स’नं. दुसऱ्या पावसाळ्यात मधला खांब खचला. कोणाला इजा झाली नाही, पण आठ महिने पूल बंद राहिला आणि पोरांना शाळेसाठी तीन कोस वळसा पडला. चौकशीत निघालं की तपासणीसाठी जमिनीत बोअर घ्यायला हवे होते तीन, घेतले दोन, आणि नेमकी मधल्या खांबाखालची माती कोणी बघितलीच नव्हती. पाहणीच्या कागदावर सही नानांची होती. आबांनी साहेबांपुढे सांगितलं, जागेवरचं काम धाकट्याकडे असतं. नाना काही बोलले नाहीत. तीन वर्षं त्यांना सरकारी कामावर सही करायला मनाई झाली. त्याच महिन्यात ते बायको-पोराला घेऊन धुळ्याला गेले, आणि दोन घरांचं येणं-जाणं तुटलं ते तुटलंच.

किरण तेव्हा चोवीस वर्षांची, ऑफिसात नवीन. चौकशीला दिलेलं उत्तर तिनंच टाईप केलं होतं. नानांनी हलगर्जीपणा केला, हे तिनं त्या दिवशी मानलं आणि पुढे वीस वर्षं त्यावर शंका घेतली नाही.

मग कंपनीनं सगळे जुने कागद डेटा रूममध्ये मागितले. डेटा रूम म्हणजे इंटरनेटवरचं एक कुलूपबंद कपाट. विकणाऱ्यानं त्यात कागद ठेवायचे, घेणाऱ्यानं वाचायचे. जुन्या खोक्यांचं काम किरणनं दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही. एका दुपारी एका पिवळ्या पडलेल्या फाईलमधून अर्धा कागद निघाला. नानांचं टपोरं अक्षर: मधल्या खांबाखाली माती सैल वाटते, तिसरा बोअर घ्यावा असं माझं मत आहे. खाली लाल पेन्सिलीनं, तिरप्या घाईच्या अक्षरात: गरज नाही. दोन पुरेत. यंत्र उद्या यावलच्या कामावर पाठव.

ते अक्षर ओळखायला तिला क्षणही लागला नाही. त्याच अक्षरातल्या सूचना वाचून ती काम शिकली होती. किती तरी वेळ कागद हातात धरून ती बसली. कोणी विचारलं नसतं. खोक्यात परत गेला असता तर कोणाला कळलंही नसतं. शेवटी तिनं तो इतर कागदांबरोबर स्कॅन करून वर चढवला. आईला सांगितलं. आबांना सांगायचा धीर झाला नाही. आणि पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, की विलीनीकरणाचं काम बघणारे आमचे अधिकारी रविवारी येतील. खाली नाव होतं, प्रेमराज भिकन पाटील.

“येऊ दे,” भागाबाई म्हणाल्या होत्या. “शेतात बोलाव. भरीत करू. पोटात अन्न गेल्यावर माणूस निम्मा वळतो.”

वांग्यांची दुसरी फेरी जाळावर चढली तेव्हा किरणनं चंदनला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं हातातली काडी मोडायची थांबवली. चंदन आणि प्रेमराज एका वयाचे, एका वर्गातले. अठराव्या वर्षापर्यंत दोघांची सायकलही एकच होती. मग एक दिवस घरी आला तर पलीकडच्या खोल्या रिकाम्या. प्रेमराजनं जाताना तोंड दाखवलं नाही, हे चंदन अजून विसरला नव्हता.

तो हळू आवाजात बोलला, पण मनात किती साठलंय ते कळत होतं. ज्यांनी आपलं नाव खराब केलं त्यांचा मुलगा आता आपल्याला तपासणार, असं असेल तर सही उद्या होत नाही, मी आबांना आत्ताच सांगतो, असं त्याचं म्हणणं. परवापर्यंत हाच चंदन सगळ्यात आधी सही करा म्हणत होता. किरणनं त्याला थांबवून लाल पेन्सिलीचं सांगितलं. चंदननं खाटेकडे बघितलं. आबा खाटेवरूनच लांब काडीनं एक वांगं जाळातून बाहेर सरकवत होते आणि भागाबाईंना काही तरी सांगून हसवत होते.

“हे मला आत्ता कशाला सांगितलंस,” तो म्हणाला, आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे गेला.

गाडी आली ती साडेअकराला. उतरणारा माणूस उंच, कानाजवळ पिकलेला, अंगात साधा निळा शर्ट. बांधावरून तो सवयीनं चालला. उभ्या ओळी न तुडवता चालायची पद्धत शेतात वाढलेल्या माणसाची असते. आबा त्याच्याकडे बघत राहिले. तो जवळ येऊन वाकला, पायांवर हात ठेवला, तरी आबांनी पाय हलवले नाहीत, हातही उचलला नाही.

“तुम्ही भिकनचे,” ते शेवटी म्हणाले.

“हो, आबा. प्रेमराज.”

तुम्ही हा शब्द किरणला टोचला. बारा वर्षांचा असताना ज्याला आबा कानाला धरून आणायचे तो हा. आबांची नजर एकेकावर फिरली. किरणवर ती थांबली, भागाबाईंवर आणखी थांबली. आपल्याला न सांगता हे ठरलंय, एवढं त्यांना कळलं. ते उठून जातील असं किरणला वाटलं. पण भागाबाई हातातली मिरचीची थाळी तशीच घेऊन पुढे आल्या आणि मुलाला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, “भूक लागनी व्हई ना, भाऊ? हात धुई ले.”

पाहुण्याला जेवायला बोलावल्यावर यजमानानं उठून जायचं नसतं. आबा बसले.

भरीत त्या दिवशी झालं तसं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. सोललेली वांगी कुटून, त्यावर कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि तेलाची सढळ धार. सोबत पुऱ्या आणि आंबटसर कढी. पहिल्या घासाला प्रेमराजनं डोळे मिटले. पुण्यात वांगी मिळतात, पण ही नाहीत आणि हा जाळही नाही, असं तो म्हणाला. धुळ्याहून त्याची आई, बेबाबाई, दरवर्षी हिवाळ्यात या शेतातली वांगी आठवते, असंही त्यानं सांगितलं. त्यावर भागाबाईंनी न विचारता त्याच्या पत्रावळीवर दुसऱ्यांदा वाढलं.

बोलणं हळूहळू सुरू झालं, आणि ते सुरू केलं आबांनीच. तुम्ही या कंपनीत कसे, एवढंच त्यांनी विचारलं. प्रेमराजनं सांगितलं, की नानांनी धुळ्यात घरांच्या पायांपासून पुन्हा सुरुवात केली. संस्था बरी वाढली. आठ वर्षांपूर्वी ती पुण्याच्या एका मोठ्या संस्थेनं घेतली. त्या संस्थेला तीन वर्षांपूर्वी हॅल्डेन मॉरोनं घेतलं.

आबांचा घास हातात राहिला. “म्हणजे भिकनपण गेला?”

“दोनदा गेले,” प्रेमराज म्हणाला.

आबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. धाकटा भाऊ आपल्याआधी दोन वेळा सासरी गेला, हे त्यांना इतकं गमतीचं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं आणि चंदनला पाण्याचा तांब्या पुढे करावा लागला. प्रेमराजही हसला. नाना अजून रोज दहाला ऑफिसात जातात, कोणी बोलावलेलं नसतं, तरुण पोरांच्या आकृत्यांवर चुका काढतात आणि पोरं त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात, असं त्यानं सांगितलं. तो कोणावर तरी ओरडतो ना, असं आबांनी विचारलं. नाही, प्रेमराज म्हणाला. ओरडायचे ते स्वतः. नाना कधीच ओरडले नव्हते.

जेवण आटोपून सगळे लिंबाखाली आले. प्रेमराजनं पिशवीतून कागद काढला. आबांना तो लांबूनच ओळखू आला.

प्रेमराजनं फार जपून सांगितलं. ही एक जागा भरली की झालं. कंपनीला याचं काही विशेष वाटत नाही, दीडशे संस्थांपैकी प्रत्येकीचं कुठे ना कुठे काही खचलेलं आहे. बोलता बोलता त्यानं एकदा किरणकडे बघितलं, आणि त्यानं तो अर्धा कागद वाचलाय हे तिला कळलं.

चंदन मध्ये बोलला. जमिनीतला आधी न कळलेला दोष, असं लिहिलं तर चालेल का, हे त्यानं विचारलं. आवाजात सकाळचा ताठा नव्हता. बापासाठी वाट शोधणाऱ्या मुलाचा आवाज होता तो. चालेल, प्रेमराज म्हणाला. मी ते तसंच पुढे पाठवीन, कोणी प्रश्न करणार नाही.

इतकी सोपी वाट समोर आल्यावर किरणला गप्प बसवेना. जुन्या खोक्यात निघालेल्या कागदाचं तिनं आबांना सांगितलं. नानांनी काय लिहिलं होतं आणि खाली लाल पेन्सिलीनं काय लिहिलं होतं, दोन्ही शब्दशः सांगितलं. तो कागद आपण वर चढवलाय, हेही सांगितलं.

आबा तिच्याकडे बघत होते. “तूच चढवलास?”

“हो.”

“विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं.”

“म्हणूनच विचारलं नाही.”

शेजारच्या शेतात मोटार सुरू झाली आणि पाण्याचा आवाज यायला लागला. आबा रागावतील याची किरणला तयारी होती, ते तिच्याशी महिनाभर बोलणार नाहीत याचीही. पण आबा प्रेमराजकडे वळले. त्यांनी जे विचारलं ते कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

“भिकनची कंपनी घेतली तेव्हा त्यालाही हा कागद भरावा लागला असेल.”

“लागला.”

“मग त्यानं या प्रश्नाला काय लिहिलं?”

प्रेमराज घुटमळला. हे मी सांगायला नको, तो म्हणाला, पण ते माझे वडील आहेत, आणि पाठवण्याआधी त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. मी तेव्हा भांडलोही होतो त्यांच्याशी. मग त्यानं पाठ असल्यासारखं सांगितलं. “त्या जागेची पाहणी मी केली. तिसरा बोअर घेतला नाही. सही माझी आहे, जबाबदारी माझी.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मनाई केव्हाच संपली होती, विचारणारा कोणी नव्हता, आणि खरं सांगून टाकलं असतं तर नानांचं काही बिघडणार नव्हतं. तरी त्या चार ओळींत त्यांनी मोठ्या भावाला येऊ दिलं नव्हतं.

आबांनी चष्मा काढला. या वेळी तो बाजूला ठेवण्यासाठी नव्हे. धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले, काचा पुसल्या, आणि तो पुन्हा चढवला. भागाबाई खाटेच्या कडेला येऊन बसल्या. बावीस वर्षं त्यांनी या बाबतीत नवऱ्याला एक शब्द विचारला नव्हता. आताही विचारला नाही, नुसत्या बसून राहिल्या.

“लिख, किरण,” आबा म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते शुद्ध सरकारी मराठीत, थांबत थांबत, आयुष्यभर अहवाल लिहिणाऱ्या माणसासारखं. तिसरा बोअर घेण्याची लेखी सूचना माझे बंधू श्री. भिकन पाटील यांनी केली होती. यंत्र दुसऱ्या कामावर हवे असल्याने मी ती नाकारली. निर्णय माझा होता. चौकशीत मी ही बाब सांगितली नाही. एवढं झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, वाचला, ‘नाकारली’च्या जागी ‘फेटाळली’ करायला लावलं, आणि सही केली.

प्रेमराज कागद हातात घेऊन उभा राहिला. तो म्हणाला, आता एक नवीन अडचण झाली. एकाच कंपनीत एकाच खांबाची चूक दोन माणसं स्वतःची म्हणून सांगताहेत. नानांचं उत्तर दुरुस्त करून घ्यावं लागेल, मी संध्याकाळी धुळ्याला जाऊन त्यांची सही घेतो.

“तू कसाले जास?” आबा म्हणाले. त्यांनी तू म्हटलं होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं. “मी येस.”

तासाभरात ते निघाले. किरण गाडी चालवायला, शेजारी आबा, मागे भागाबाई आणि त्यांच्या मांडीवर भरताचा डबा. पुढे प्रेमराजची गाडी. चंदनला चल म्हटलं तर तो म्हणाला, आग विझवायला कोणी तरी पाहिजे. प्रेमराजशी तो दोनच वाक्यं बोलला होता. पण निघताना त्यानं शेतातली दहा-बारा वांगी पोत्यात भरून प्रेमराजच्या गाडीत ठेवलेली किरणनं पाहिली.

पारोळा मागे पडला. मग आबा म्हणाले, दरवर्षी दिवाळीनंतर ते त्या पुलावर जातात. ड्रायव्हरला चहाला पाठवतात आणि खाली उतरून मधला खांब बघतात. दुरुस्ती चांगली झालीय, हलला नाही. हे त्यांनी हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि किरणनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

धुळ्यात देवपुरातलं नानांचं घर लहान आणि नीटनेटकं होतं. प्रेमराजनं फोन करून कोण येतंय ते कळवलं होतं, त्यामुळे नाना फाटकातच उभे होते. बहात्तर वर्षांचे, गुडघ्यांनी थकलेले, हातात काठी. दोघं भाऊ समोरासमोर आले तेव्हा किरणला पहिल्यांदा दिसलं की म्हातारपणानं त्यांचे चेहरे एकसारखे करून टाकलेत.

आबांनी रस्ताभर काही तरी जुळवलं असावं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

“भिकन, ती चूक मन्ही व्हती.”

“माले माहीत शे,” नाना म्हणाले. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी भावाचा दंड धरला. “आत चाल. पायरी उंच शे, देखीसन.”

बेबाबाई आणि भागाबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या दिसेनाशाच झाल्या. बाहेर प्रेमराजनं टेबलावर आबांचा कागद आणि नानांच्या जुन्या उत्तराची प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि नानांना दुरुस्तीची जागा दाखवली. नानांनी चष्मा लावून आबांचं उत्तर वाचलं. दोनदा वाचलं. कागद बाजूला सारून त्यांनी सांगितलं, मी माझं बदलणार नाही.

आबांना ते मान्य नव्हतं. नानांचं म्हणणं, सही ज्याची, जबाबदारी त्याची. मला पटलं नव्हतं तर मी सही करायला नको होती, मोठ्या भावाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही, ही माझीच चूक. आबांचं म्हणणं, नाही म्हणू देणाऱ्यातला मी नव्हतोच, तेव्हा तो प्रश्नच येत नाही. नाना म्हणाले, तिसरा बोअर घेतला असता तरी तो त्या सैल थरात लागला असता याची खात्री काय. आबा म्हणाले, शंभर टक्के लागला असता, तू दाखवलेली जागा बरोबर होती. मग दोघांनी कागद मागितला, आणि नाल्याची आकृती काढून वाद घालायला लागले. आवाज चढले. बेबाबाई दारात येऊन बघून गेल्या. आत जाताना त्या हसत होत्या, हे किरणला दिसलं.

अर्ध्या तासानं प्रेमराजनं हात टेकले. दोघांची उत्तरं एकत्र वाचावीत, एवढी एक ओळ त्यानं खाली स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. चालेल का, किरणनं विचारलं. चालेल, तो म्हणाला, रेजायनात कोणाला काही कळणार नाही, पण फाईलमध्ये राहील.

चहा झाला. आबा उद्याच्या सह्यांबद्दल बोलले. नानांनी विचारलं, दोन वर्षांनी जळगावची पाटी उतरेल त्याचं वाईट नाही वाटत? धुळ्याची उतरली तेव्हा मी दोन दिवस ऑफिसात गेलो नव्हतो. आबांनी थोडा विचार केला. वाटलं असतं, ते म्हणाले, पण आता तुझंही नाव नाही, माझंही नाही, त्यामुळे पाटीवरचा पाटील कोणता हे भांडण मिटलं. नानांनी मान डोलावली. ऑफिस जळगावचं आणि धुळ्याचं आता एकच आहे, हे त्या दोघांपैकी कोणीच मोठ्यानं म्हटलं नाही. मुलांनी ते केव्हाच ओळखलं होतं. प्रेमराज आणि किरण ओसरीत उभे राहून धुळ्याकडची माती जळगावला कशी पाठवायची ते ठरवत होते.

दिवस मावळायला आला तसा किरणचा फोन वाजला. चंदन. सही झाली का, असं त्यानं विचारलं. झाली, तिनं सांगितलं, आणि थोडक्यात सगळी हकिकत सांगितली. तो हं हं करत राहिला. मग म्हणाला, “नाना कसे दिसतात?”

“थकलेत. गुडघे गेलेत.”

“मला मोटारसायकल त्यांनीच शिकवली होती,” चंदन म्हणाला.

किरण आत गेली आणि तिनं फोन नानांच्या हातात दिला. कोण आहे ते सांगितलं नाही. नानांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि हळूहळू खुर्चीत मागे टेकले.

“बोल, चंदन,” ते म्हणाले. “कापूस कसा आला यंदा?”

पलीकडून काय उत्तर आलं ते कोणाला ऐकू आलं नाही. नाना मधूनमधून हो म्हणत होते, मग बोंडअळीचं विचारत होते, मग विहिरीच्या पाण्याचं. आबा शेजारी बसून नुसते ऐकत होते. बाहेर अंधारायला लागलं, बेबाबाईंनी दिवा लावला, भागाबाईंनी जळगावला परतायची गोष्ट एकदाही काढली नाही, आणि फोन कोणी परत मागितला नाही.